सात चॅनेल, एक लिफ्ट

पिंपळे सौदागर येथील सुसंवाद रेसिडेन्सी या सहकारी गृहसंस्थेची लिफ्ट दिवाळीच्या पाडव्याला बंद पडली. व्यवस्थापक समितीने या घटनेची अत्यंत गांभीर्याने दखल घेतली आणि लिफ्टच्या दारावर ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी लावली. पाटीचा मजकूर सातही समिती सदस्यांना एकमताने मान्य झाला. त्यानंतर एकमत हा प्रकार संस्थेत बरेच दिवस कुणाला दिसला नाही.

इमारत बारा मजल्यांची. अकराव्या मजल्यावर धम्मपाल आणि त्याची आई जाईबाई राहत. धम्मपालचा धंदा व्हिडिओ एडिटिंगचा. चाकणच्या कंपन्यांमधल्या सुरक्षा सप्ताहाच्या फिल्मा, पिंपरी-चिंचवडमधली लग्नं, वाढदिवस, निरोप समारंभ, जे मिळेल ते तो कापून-जोडून द्यायचा. जाईबाईंची हयात संत तुकाराम नगरात गेलेली. पोराने हौसेने उंचावर फ्लॅट घेतला आणि त्या गुडघ्यांसकट वर आल्या. वरून सगळं दिसायचं, फक्त जाता कुठे यायचं नाही.

जुन्या शेजारीण सुमनताई कंपनीत शिफ्टला जायच्या, तेव्हा त्यांची पूनम जाईबाईंच्या मांडीवर वाढली होती. त्या पूनमचं लग्न फेब्रुवारीतल्या एका रविवारी पिंपरीत ठरलं होतं. जाईबाईंना त्या लग्नाला जायचं होतं. एवढीच त्यांची मागणी होती आणि तिच्यासाठी लिफ्ट लागत होती.

“आई, अगदीच वेळ आली तर आम्ही चौघं मित्र तुला खुर्चीवर बसवून खाली नेऊ,” धम्मपाल म्हणाला.

“मी काय कपाट हाय?” जाईबाई म्हणाल्या. “लग्नाला जायचंय मला. घर न्हाई बदलायचं.”

तेव्हा लिफ्ट सुरू होणं भाग होतं. ती सुरू व्हावी म्हणून समितीने विशेष सर्वसाधारण सभा बोलावली, आणि सभा घ्यायचा हॉल बाराव्या मजल्यावर असल्याने ती बाराव्या मजल्यावर बोलावली. लिफ्ट बंद असल्यामुळे सदस्य वर आले नाहीत. सदस्य न आल्यामुळे गणपूर्ती झाली नाही. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवण्यात आली, आणि मधल्या वेळात जे धापा टाकत पोचले त्यांना उपस्थित धरण्यात आलं.

आदल्या वर्षीच्या सभेत एकच माइक होता. तो हिसकावून घेण्याच्या झटापटीत खजिनदार शेखर यांच्या चष्म्याची काडी आणि खुद्द माइक, दोन्ही कामातून गेले होते. म्हणून यंदा समितीच्या सातही जणांना शर्टाला लावायचे स्वतंत्र माइक देण्यात आले. ते धम्मपालचेच होते. सातही माइकचे आवाज एकाच यंत्रात, पण सात वेगवेगळ्या चॅनेलवर भरले जात. बाकी सदस्यांनी नैसर्गिक आवाज वापरावा, असं ठरलं.

लिफ्टच्या विषयावर सातही जण एकाच वेळी बोलले. अध्यक्ष उद्धवराव चाकणच्या एका कारखान्यातून क्वालिटी मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं की ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारून मूळ कारण सापडल्याशिवाय एकाही नटाला पाना लावायचा नाही. सचिव निरंजन हिंजवडीला आयटीत. त्यांना मोबाइलच्या अ‍ॅपवर चालणारी नवी लिफ्ट हवी होती. शेखर पहिल्या मजल्यावर राहत, त्यामुळे लिफ्ट कायमची बंद करावी या निष्कर्षाला ते अभ्यासांती आले होते. योगाचे वर्ग घेणाऱ्या विजयश्री मॅडमना जिना हेच औषध वाटत होतं. उरलेल्या तिघांपैकी एकाला लिफ्टला रंग हवा होता, एकाला वास्तुशास्त्राप्रमाणे तिचं तोंड पूर्वेला हवं होतं, आणि एक जण सभा संपेपर्यंत पार्किंगबद्दल बोलत होते.

जाईबाई भिंत धरून एक मजला चढून आल्या होत्या. मागच्या रांगेतून त्या थोड्या थोड्या वेळाने एकच विचारत होत्या, “आवो, लिफ्ट कधी चालू व्हनार?”

“आजी, तो मुद्दा आयत्या वेळच्या विषयांत घेऊ,” निरंजन म्हणाले. आयत्या वेळी चहा आला आणि सभा संपली.

धम्मपालने सभेचा व्हिडिओ रीतसर तयार करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत सात तक्रारी आल्या. सातही तक्रारींचा आशय एकच होता: माझ्या वक्तव्यात इतरांची वक्तव्ये मिसळण्यात आली असून त्यामुळे माझ्या वक्तव्याचे गांभीर्य बाधित झाले आहे.

उद्धवरावांनी धम्मपालला बोलावून घेतलं. “धम्मपाल, आपण ओला कचरा वेगळा देतो की नाही?”

“देतो, साहेब.”

“सुका वेगळा देतो की नाही?”

“देतो.”

“मग आवाज एकाच डब्यात कसा काय टाकला, राव? वर्गीकरण करा. प्रत्येकाचा चॅनेल वेगळा काढा. प्रत्येकाने आपापला ऐकून सही केल्याशिवाय इतिवृत्त कायम होणार नाही, आणि इतिवृत्त कायम झाल्याशिवाय लिफ्टवाल्याला फोन लावता येणार नाही.”

धम्मपाल घरी येऊन आईला म्हणाला, “आता झालंच समज. चॅनेल निघाले की सह्या, सह्या झाल्या की इतिवृत्त, इतिवृत्त झालं की ठराव, ठराव झाला की लिफ्ट.”

“आणि तू?” जाईबाईंनी विचारलं. “तू ह्यात कुठं हायेस?”

“मी एक्स्पोर्टला आहे, फायली काढून द्यायला,” धम्मपाल म्हणाला.

पण सॉफ्टवेअरला संस्थेचे उपविधी ठाऊक नव्हते. त्याच्या मते माणसाला कान दोन, म्हणून आवाजाचे डबेही दोन. सात चॅनेल त्याने दोन कानांत कोंबले. अध्यक्ष, खजिनदार आणि पार्किंग डाव्या कानात गेले, उरलेले चौघे उजव्या. फाइल ग्रुपवर जाताच बोंबाबोंब झाली. अध्यक्षांना डाव्या कानात टाकण्यामागे कुणाचा हात आहे, याची चौकशी करायला एक उपसमिती नेमावी लागली. उपसमितीने दोन्ही कान तपासून असा अहवाल दिला की उजवा कान मानाचा असला तरी शेखर यांना डाव्यानेच नीट ऐकू येतं. अहवाल स्वीकारण्यात येऊन दप्तरी दाखल करण्यात आला.

मग धम्मपालने सेटिंगमध्ये खोल जाऊन दोन कानांचा नियम काढून टाकला आणि टाइमलाइनवर एकेक चॅनेल हाताने वेगळा केला. सहा जणांना म्यूट करायचं, एकाला मोकळं सोडायचं, एक्स्पोर्टला लावायचं. परत सहा जणांना म्यूट करायचं. या कामात एक वेगळाच आनंद होता, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. जे संस्थेच्या स्थापनेपासून कुणाला जमलं नव्हतं, ते तो एका बोटाने करत होता.

सात फाइली सात जणांना गेल्या. संध्याकाळी निरंजन यांचा फोन आला.

“भावा, काम बेस्ट झालंय. फक्त माझ्या ट्रॅकवर मागून काहीतरी येतंय. बारीक आवाज आहे.”

“कसला?”

“कळत नाही. कुणीतरी काहीतरी विचारतंय. सगळ्यांच्याच ट्रॅकवर आहे म्हणे. तेवढा नॉइज काढून टाक ना. नाहीतर सह्या अडकतील.”

धम्मपालने हेडफोन लावले. उद्धवरावांच्या पाच ‘का’च्या मागे, शेखर यांच्या आकडेवारीच्या मागे, विजयश्री मॅडमच्या दीर्घ श्वासाच्याही मागे, सातही चॅनेलवर त्याची आई होती. “आवो, लिफ्ट कधी चालू व्हनार?” अख्ख्या सभेत सातही माइकनी मिळून टिपलेलं एवढं एकच वाक्य होतं.

सॉफ्टवेअरमध्ये आवाज स्वच्छ करायचं बटण असतं. ते दाबलं की ज्याच्या शर्टाला माइक त्याचाच आवाज राहतो, बाकी सगळं जातं. धम्मपालला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सह्या झाल्या तर लिफ्ट सुरू होईल आणि लिफ्ट सुरू झाली तर आई लग्नाला जाईल, म्हणून आईसाठीच त्याने आईचा आवाज सात वेळा पुसला.

परिणाम अपेक्षेपेक्षा चांगला झाला. प्रत्येकाने आपापला चॅनेल हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकला. आपण काय मुद्देसूद बोललो, हे सातही जणांना आयुष्यात प्रथमच कळलं. कुणी मध्ये तोंड घातलं नव्हतं. कुणी विरोध केला नव्हता. निरंजन यांनी नियम तपासले. ज्या ध्वनिमुद्रणात एकही विरोधी आवाज नाही, तो ठराव एकमताने मंजूर समजावा लागतो. सूचक आणि अनुमोदक दोन वेगळे लागतात, ही एक अडचण होती, पण प्रत्येकाने आपलं म्हणणं सभेत दोनदा मांडलेलं असल्याने तीही सुटली.

अशा रीतीने लिफ्टबाबत सात ठराव एकमताने मंजूर झाले आणि सातही ठरावांची अंमलबजावणी सुरू झाली. लिफ्टला आकाशी रंग लागला. वास्तुशास्त्राप्रमाणे तिच्या दाराला पूर्वेकडे बघणारा आरसा बसला. अ‍ॅप आलं, त्यावर बोट ठेवलं की ‘लिफ्ट बंद आहे’ अशी सूचना मराठी आणि इंग्रजीतून मिळे. जिन्यात दर मजल्यावर दीर्घ श्वासाचे फलक लागले. पार्किंगमध्ये पांढरे पट्टे मारले. उद्धवरावांचे पाच ‘का’ चौकट करून लिफ्टशेजारी टांगले. लिफ्ट कायमची बंद ठेवण्याचा ठराव तेवढा पूर्णपणे अमलात आला, कारण त्यासाठी काही करावं लागत नव्हतं.

“सगळं झालं म्हनतोस,” जाईबाई म्हणाल्या, “मग लिफ्ट कुठंय?”

“तो ठराव बहुतेक कुणाच्याच चॅनेलवर नव्हता, आई.”

“माझ्या तोंडावर व्हता की!”

धम्मपाल उठला. त्याने चहा ठेवला.

समितीला स्वच्छ आवाज मिळाला हे कळल्यावर बाकीचे सदस्य पेटून उठले. मेंटेनन्स सगळे सारखा भरतात, मग चॅनेल सात जणांनाच का? मागणी रास्त होती. पुढची सभा प्रत्येकाने आपापल्या घरी घेतली. बेडरूममध्ये, पंखा बंद करून, डोक्यावर पांघरूण घेऊन प्रत्येक जण मोबाइलमध्ये मनसोक्त बोलला आणि फाइल धम्मपालकडे पाठवली. धम्मपालने त्या टाइमलाइनवर एकाखाली एक रचल्या आणि ज्याची त्याला परत पाठवली. उपस्थिती पूर्ण, भांडण नाही, चहाचा खर्च नाही. संध्याकाळी बागेत बाकांवर माणसं हेडफोन लावून स्वतःच्याच बोलण्याला मान डोलवत बसलेली दिसू लागली. फाटकावरचे सुरक्षारक्षक सयाजी यांनीही आपलं एक भाषण भरून घेतलं.

ही बातमी गृहसंस्थांच्या कुठल्याशा महासंघाच्या कानावर गेली. तक्रार वहीत एकही तक्रार नाही, सभेत एकही वाद नाही, असं संकुल त्यांनी पाहिलं नव्हतं. सुसंवाद रेसिडेन्सीला ‘आदर्श वादमुक्त संकुल’ हा पुरस्कार जाहीर झाला. समारंभ रविवारी सकाळी, बाराव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. रविवार तोच, पूनमच्या लग्नाचा.

महासंघाचे अध्यक्ष भारदस्त होते. ते जिना चढणार नाहीत, हे समितीच्या सात जणांना एकमेकांशी न बोलताही कळलं. शनिवारी लिफ्टवाल्याला फोन गेला. तो आला, झाकण उघडलं, चहा निवायच्या आत झाकण बंद केलं.

“एक वायर सुटली होती. तात्पुरती जोडलीय,” तो म्हणाला. “चार माणसं, जास्त न्हाई. पक्कं करायला साहित्य लागंल, त्याला तुमची एक सही पायजे.”

सही कोण करणार यावर सात स्वतंत्र मतं असल्याने तो निघून गेला.

रविवारी जाईबाईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली, पूनमसाठी घेतलेली साडी पिशवीत घातली आणि अकराव्या मजल्यावर लिफ्टच्या दारासमोर उभ्या राहिल्या. धम्मपाल वर हॉलमध्ये रेकॉर्डिंगला बसणार होता.

“पाहुणे एकदा वर आले की तुला त्याच लिफ्टने खाली सोडतो आणि गाडीने नेतो. दहा मिनिटं,” तो म्हणाला.

“दिवाळीपास्नं तुझी दहा मिनिटं चाललीत,” जाईबाई म्हणाल्या.

खाली पाहुणे, म्हणजे महासंघाचे अध्यक्ष, आले. लिफ्टवाल्याने चार माणसं सांगितली होती. आत पाहुणे शिरले, उद्धवराव शिरले, मग निरंजन, शेखर, विजयश्री मॅडम आणि उरलेले तिघेही शिरले, शाल-श्रीफळ आणि हारासकट. चौघांनी उतरायला हवं होतं, यावर सगळ्यांचं मत पडलं. कोणते चौघं, हे प्रत्येकाने दुसऱ्यांना सांगितलं. दार लागलं. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने जीव सोडला.

वर हॉलमध्ये सदस्य शांत बसले होते. प्रत्येकाच्या कानात हेडफोन होते, कारण पुरस्कार स्वीकारल्याचं भाषण प्रत्येकाने आपापल्या चॅनेलवर आधीच भरून ठेवलं होतं आणि ते सुरू झालं होतं. लिफ्टच्या खोबणीतून धडधड येत होती, पण ती कुणाच्याच भाषणात नव्हती.

धम्मपालच्या कानात मात्र समितीने सकाळीच लावलेले सात माइक जिवंत होते. खरखर होती, पण ऐकू येत होतं. सवयीने त्याने एकेकाला मोकळं सोडलं. उद्धवराव विचारत होते, “थांबली का? वजन का जास्त झालं? तुम्ही आत का आलात?” निरंजन अ‍ॅपवर तक्रार टाकत होते आणि रेंज नाही म्हणून अ‍ॅपवरच रागावत होते. शेखर म्हणत होते, “मी पहिल्या मजल्यावरचा माणूस, मला लिफ्टची गरजच नव्हती, याची नोंद घ्या.” विजयश्री मॅडम सगळ्यांना दीर्घ श्वास घ्या म्हणत होत्या आणि स्वतः घेत नव्हत्या. सातव्या चॅनेलवर पार्किंग सुरू झालं होतं. पाहुण्यांना माइक दिलेला नव्हता. त्यांचं “अहो, वाचवा हो!” सगळ्यांच्या मागून बारीक येत होतं.

आणि मग सातही चॅनेलवर एकदम, दाराच्या पलीकडून, ओळखीचा आवाज आला.

“आवो, लिफ्ट कधी चालू व्हनार?”

धम्मपालने हेडफोन कानाशी दाबून धरले. आई जिन्यात होती. एकटी, पिशवी घेऊन, अकरा मजल्यांच्या गुडघेदुखीला निघाली होती आणि निम्म्यावर येऊन पोचली होती.

लिफ्टमध्ये प्रथमच शांतता झाली. मग उद्धवराव ओरडले, “जाईबाई! आम्ही आत अडकलोय! अहो, कुणाला तरी सांगा!”

“सांगितलं असतं वो,” जाईबाईंचा आवाज आला. “पर माझा माइक कुठाय?”

धम्मपालने हेडफोन भिरकावले आणि तो जिना उतरत सुटला. सहाव्या मजल्यावर, ‘दीर्घ श्वास घ्या’ या फलकाखाली, जाईबाई पायरीवर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर होती. साडीची घडी मोडली नव्हती. धम्मपालने पिशवी उचलून मनगटात अडकवली. तो आईकडे पाठ करून खाली बसला.

जाईबाईंनी जरा विचार केला आणि त्याच्या गळ्यात हात टाकले. “ने कपाट म्हनून,” त्या म्हणाल्या. “पर आरशाचं हाय. जपून.”

खाली फाटकावर धम्मपालने सयाजींच्या कानातून हेडफोन ओढून काढला आणि लिफ्टमध्ये आठ माणसं अडकल्याचं सांगितलं. सयाजी ताडकन उठले. “आरं बापरे!” ते म्हणाले आणि धावत जाऊन त्यांनी कपाटामागची ‘लिफ्ट बंद आहे’ ही जुनी पाटी काढली, पुसली आणि लिफ्टच्या दाराला लावली. मग धम्मपालने स्वतःच लिफ्टवाल्याला फोन लावला. सही कुणाची, असं लिफ्टवाल्याने विचारलं. धम्मपाल म्हणाला, माझी. आपली सही चालते, हे इतके दिवस त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं.

लग्न सापडलं. मांडवात जाईबाईंना बघून पूनम सगळं सोडून उठली आणि त्यांच्या कुशीत शिरली. सुमनताई म्हणाल्या, “इतक्या उशिरा?” जाईबाई म्हणाल्या, “चालत आले.” यापेक्षा जास्त त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, आणि त्या दोन वाट्या बासुंदी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सुटका झालेल्या समितीचा निरोप आला: लिफ्टमधील प्रसंगाचे सात चॅनेल स्वतंत्र काढावेत, नॉइज काढून. धम्मपालने काढले. प्रत्येकाने आपापला ऐकला. आपण एकटेच शांत होतो आणि बाकी कुणी नव्हतंच, असं प्रत्येकाच्या चॅनेलवरून सिद्ध झालं. पाहुण्यांचा आवाज एकाही चॅनेलवर न सापडल्याने ते समारंभाला आलेच नव्हते, अशी इतिवृत्तात नोंद झाली. पुरस्कार टपालाने मागवायचं ठरलं.

या वेळी धम्मपालने जे पुसलं ते फेकलं नाही. सात चॅनेलच्या मागचा तो बारीक आवाज त्याने गोळा केला आणि आठवा चॅनेल म्हणून सगळ्यांना पाठवला. त्यावर कुणाचंच नाव नसल्यामुळे ती फाइल अजून एकानेही उघडलेली नाही.

असो. तुम्ही ही गोष्ट वाचत असताना आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला दोनदा हाक मारली. आली नाही ना ऐकू? छान. तुमचा चॅनेल अगदी स्वच्छ निघालाय.